नावाची नोंद कोणाकडे ठेवावी?

धुळ्याच्या जुन्या भागात कोणाचे घर शोधायचे असेल तर आधी क्रमांक विचारावा लागतो. इंग्रजी अंमल खानदेशात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने हे शहर सरळ रेषेत आखून घेतले, आणि त्या आखणीतल्या गल्ल्या आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशाच ओळखल्या जातात. पांझरेचा पूल ओलांडून आमच्या देवपुरात आलात की मात्र क्रमांकांचा कारभार संपतो. इकडे दत्त मंदिर, वाडीभोकर रस्ता, अमुक कॉलनी, तमुक सोसायटी अशी नावे चालतात. क्रमांकाने घर नेमके सापडते हे खरे. पण माणसाच्या लक्षात राहते ते नाव.

इंटरनेटवर ही दोन्ही राज्ये शेजारीशेजारी नांदतात. यंत्रे एकमेकांना क्रमांकानेच ओळखतात. माणसाला ते लांबलचक आकडे पाठ होणे शक्य नाही, म्हणून प्रत्येक क्रमांकाला नावाची पाटी लावण्याची सोय केलेली आहे. या पाटीला डोमेन म्हणतात. देवपुरातल्या एखाद्या मसालेवाल्याने आपल्या दुकानाच्या नावापुढे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' लावून पत्ता घेतला, की मुंबईच्या किंवा लंडनच्या माणसाला तो नुसते नाव टाइप करून गाठता येतो. अशा नावाची नोंद ज्या पेढीमार्फत करायची तिला रजिस्ट्रार म्हणतात. आपण येथे नोंदणीपेढी म्हणू.

ही पेढी बदलायची वेळ अनेकांवर येते. कोणाची दरवाढ झालेली असते, कोणाचा फोन उचलला जात नाही, कोणाची पेढीच दुसऱ्याने विकत घेतलेली असते. मग माणूस शेजाऱ्याला विचारतो, "स्वस्त कुठे मिळेल हो?" प्रश्न वाजवी आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की उद्या या नव्या पेढीकडूनही निघावेसे वाटले तर ती मला सुखाने जाऊ देईल काय? आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सगळे त्याच्या पोटात येते.

आधी थोडे मूळ पाहू. आपण म्हणतो, "मी नाव विकत घेतले." आमच्याकडचा माणूस तर छातीवर हात ठेवून सांगेल, "हाई नाव मनंच शे." ते तसे नाही. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीच्या पट्ट्याने मिळते. एका वेळी कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत भरली आणि पट्टा वाढवला नाही, तर ते नाव पुन्हा बाजारात येते आणि कोणीही उचलू शकतो.

या पट्ट्याचे मूळ दप्तर नोंदणीपेढीकडे नसते, हेही ध्यानात घ्यावे. सात-बाराचे दप्तर जसे सरकारी, आणि अर्ज लिहून देणारा कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला, तसे हे आहे. डॉट कॉमचे मूळ दप्तर व्हेरीसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. डॉट इनचे दप्तर निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या २००३ साली स्थापन झालेल्या आपल्या देशातल्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. डॉट कॉमसारख्या जागतिक नावांच्या पेढ्यांना आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था मान्यता देते; डॉट इनच्या पेढ्यांना निक्सी देते. मधली नोंदणीपेढी आपला अर्ज आणि पैसे वर पोचवते. आणि पुष्कळदा या पेढीच्याही खाली एक उपदलाल असतो: आपल्या गावात वेबसाइट बनवून देणारा. आपली ओळख असते ती या शेवटच्या माणसाशी. त्याने नाव कोणत्या पेढीत नोंदवले, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. म्हणून पेढी बदलायचा विचार मनात आला, की पहिले काम म्हणजे आपले नाव आज आहे कोणाकडे, ते पाहणे. डॉट कॉमसाठी 'लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी' या पानावर नाव घातले, की पेढीचे नाव आणि मुदतीची तारीख समोर येते. त्याला पैसे पडत नाहीत. उतारा काढून पाहावा तसा हा उतारा काढून पाहावा.

ही निवड करण्याची मोकळीक सगळ्यांना असते असे मात्र नाही. आमच्या देवपुरात महाविद्यालये आहेत. ज्या महाविद्यालयाचा पत्ता 'एसी डॉट इन' असा संपतो, त्याची नोंद अर्नेट इंडिया या एकाच संस्थेकडे होते. सरकारी कचेऱ्यांच्या 'गव्ह डॉट इन' नावांचा कारभार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे. आणि बँकांची गोष्ट तर अगदी ताजी. फसवणुकीच्या खोट्या संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व बँकेने २०२५ साली सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या नावावर जाण्यास सांगितले, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. ही नावे देणारी संस्था एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. नागरी सहकारी बँकाही यात आल्या. पतसंस्था बँक नसल्यामुळे त्यांना हा हुकूम नाही; त्यांनी आपली पेढी आपण निवडायची. तेव्हा पुढचे सर्व बोलणे पतसंस्था, वाचनालये, दुकानदार, डॉक्टर, वकील, बियाणेवाले आणि साप्ताहिके यांच्यासाठी समजावे.

पूर्वी तर कोणालाच निवड नव्हती. डॉट कॉम नावे नेटवर्क सोल्यूशन्स ही एकच कंपनी देई, आणि १९९५ पासून दोन वर्षांचे शंभर डॉलर घेई. १९९९ साली ही मक्तेदारी मोडली व अनेक पेढ्यांना परवाने मिळाले. आपल्या डॉट इनचा कारभार १९९० च्या दशकात मुंबईस जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत चाले. नियम इतके कडक, की २००४ पर्यंत सगळ्या देशात मिळून सुमारे सात हजार नावे नोंदली गेली होती. २००५ च्या जानेवारीत दार उघडले आणि लोटच लोटला. स्पर्धेने भाव उतरले, सोय वाढली. पण पेढ्यांचा बाजार भरला की त्यात बुडणाऱ्याही पेढ्या येतात, हे सावकारी-पतपेढी पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

अशा एका पेढीची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा शेवट महाराष्ट्रात झाला. नेट फोर इंडिया ही दिल्लीची नोंदणीपेढी. देशातल्या जुन्या पेढ्यांपैकी. गावोगावच्या लहान धंदेवाल्यांची नावे तिच्याकडे होती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. कचेरी चालू, संकेतस्थळ चालू, म्हणून पुष्कळ ग्राहकांना याचा पत्ताही लागला नाही. पुढे २०२० सालात तक्रारी वाढत गेल्या. पैसे भरले तरी मुदत वाढत नाही. दुसरीकडे जायचे म्हटले तर लागणारा कोड मिळत नाही. फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही. ज्याचे सगळे गिऱ्हाईक ई-मेलवर, त्याचे नाव बंद पडले की त्याचा धंदा त्या दिवशी बंद पडतो. दुकान उघडे, माल भरलेला, आणि पाटी मात्र कोणी उतरवून नेलेली, असा तो प्रकार.

आयकॅनने डिसेंबर २०२० मध्ये या पेढीस कराराचा भंग केल्याबद्दल नोटीस दिली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस तिची मान्यता काढून घेत असल्याचे कळवले. प्रकरण न्यायाधिकरणापुढे असल्याने आणखी काही दिवस ओढाताण झाली. अखेर २०२१ च्याच पूर्वार्धात तिच्याकडची डॉट कॉम आणि तत्सम सत्तर हजारांवर नावे एकगठ्ठा उचलून पब्लिक डोमेन रजिस्ट्री या मुंबईच्या पेढीकडे सोपवण्यात आली. सत्तर हजार बिऱ्हाडे दिल्लीहून मुंबईला!

हे जमले कशामुळे? तर २००७ साली अमेरिकेत रजिस्टरफ्लाय नावाची एक पेढी अशीच कोलमडली होती. त्या वेळी ग्राहकांची नावनिशी कोणाकडे काय आहे, याचाच मोठा घोळ झाला. त्यानंतर आयकॅनने असा बंदोबस्त चालवला, की प्रत्येक पेढीने आपल्या ग्राहकांच्या नोंदींची प्रत एका तिसऱ्या, तटस्थ संस्थेकडे नियमाने ठेवावी. पेढी बुडाली तरी प्रत शिल्लक राहते. मात्र त्या प्रतीत जे लिहिले आहे तेच शिल्लक राहते. नोंदीत धनी म्हणून तुमचे नाव असेल तर तुम्ही वाचलात. उपदलालाचे असेल, तर नव्या पेढीच्या दारात तुम्ही परके.

हा मुद्दा एका वाचनालयाच्या अनुभवावरून सांगतो. वाचनालय आमच्याच भागातले; नाव सांगत नाही, कारण त्यांच्यासारखी आणखी दहा तरी निघतील. कार्यकारिणीतल्या एका उत्साही मुलाने हौसेने संकेतस्थळ केले. नाव स्वतःच्या कार्डावर घेतले, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले. त्यात कपट काहीच नव्हते. संस्थेचे कार्ड नव्हतेच, मग करणार काय? पुढे मुलाला पुण्यास नोकरी लागली, ई-मेल बदलला, कार्डाची मुदत संपली. मुदतीच्या सूचना येत राहिल्या त्या कोणी न उघडणाऱ्या पेटीत. एके दिवशी एका सभासदाने पान उघडले, तर ग्रंथसूचीच्या जागी रमी खेळण्याचे निमंत्रण! मंडळाच्या छापील पत्रावर, पावतीपुस्तकावर, वार्षिक अहवालावर तोच पत्ता. ज्याने नाव उचलले होते त्याने परत देण्याचे जे पैसे मागितले, त्यात वाचनालयाची दोन वर्षांची पुस्तकखरेदी झाली असती. त्यांनी नवे नाव घेतले आणि जुन्या पत्रांवर शिक्का मारत बसले.

तेव्हा नवी पेढी शोधण्याआधी आपल्या नावाच्या नोंदीत धनी कोण आहे ते तपासावे, आणि नसेल तर आपले नाव घालून घ्यावे. संस्था असेल तर संस्थेचे नाव. ई-मेल असा द्यावा, जो त्याच डोमेनवरचा नाही. ही बारीक गोष्ट आहे, पण भल्याभल्यांना नडते. नाव बंद पडले की त्या नावावरचा ई-मेलही बंद. आणि नाव परत चालू करण्याची चावी येणार त्याच ई-मेलवर. कुलूप लावून किल्ली आत टाकल्यासारखे होते ते.

आता निवडीकडे वळू. पेढीच्या संकेतस्थळावर 'आमच्याकडे कसे यावे' याचे पान सजवलेले असतेच. तुम्ही 'येथून दुसरीकडे कसे जावे' याचे पान शोधा. ते सापडते का, त्यात स्पष्ट पायऱ्या लिहिल्या आहेत का, की 'आमच्या प्रतिनिधीस फोन करा' एवढेच म्हटले आहे? मोबाइलची कंपनी बदलताना आपण १९०० क्रमांकावर 'पोर्ट' असा संदेश धाडतो आणि एक कोड येतो, तो नव्या कंपनीला दिला की काम होते. डोमेनचेही तसेच आहे. जुन्या पेढीकडून एक कोड घ्यायचा. त्याला ऑथ कोड किंवा ईपीपी कोड म्हणतात. चांगल्या पेढीत तुम्ही आपल्या खात्यात शिरून नावावरचे कुलूप स्वतः काढता आणि कोड स्वतः घेता. कोणाला विनवावे लागत नाही. आयकॅनच्या नियमाप्रमाणे, कोड मागितल्यापासून पाच दिवसांत तो देणे पेढीवर बंधनकारक आहे. पण नियम आहे म्हणून भांडत बसण्यापेक्षा भांडावेच लागणार नाही अशी पेढी बरी.

दुसरी परीक्षा सोपी आहे आणि ती पैसे भरण्याआधी करावी. त्यांना एक साधा प्रश्न लिहून पाठवा: "मुदत संपल्यावर नाव परत मिळवायचे तर किती दिवस आहेत आणि किती आकार पडेल?" उत्तर किती वेळात येते, आणि ते माणसाने लिहिलेले दिसते की छापाचे, ते पाहा. जी पेढी गिऱ्हाईक होण्याआधी उत्तर देत नाही, ती गिऱ्हाईक झाल्यावर देईल अशी आशा का धरावी?

आता पैशाचे. 'पहिले वर्ष ९९ रुपये' ही पाटी सगळीकडे दिसते. समजा, एक पेढी पहिल्या वर्षी ९९ आणि पुढे दर वर्षी १,४०० घेते. दुसरी पहिल्यापासून सपाट १,००० घेते. पाच वर्षांचा हिशेब मांडा. पहिलीकडे ५,६९९ होतात, दुसरीकडे ५,०००. वर १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे. आणखी एक आकडा जवळ असू द्यावा. डॉट कॉमच्या एका वर्षासाठी नोंदणीपेढीला व्हेरीसाइनकडे जी घाऊक रक्कम भरावी लागते, ती सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाली. आपल्या पैशात नऊशे रुपयांच्या मागेपुढे. मग ९९ रुपयांत नाव देणारा हा दानशूर कोण? तो आज तोटा सोसतो आहे आणि पुढच्या वर्षी वसूल करणार आहे. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, दर त्याने कोठेतरी लिहिलेलाच असतो. 'नूतनीकरण' या शब्दापुढचा बारीक आकडा वाचावा, एवढेच. त्याच वेळी पाहून घ्यावे, की मालकाचा पत्ता-फोन लोकांपासून झाकण्याच्या सोयीचे वेगळे पैसे लावतात का. डॉट कॉमसाठी पुष्कळ पेढ्या ती सोय फुकट देतात.

अगदी घाऊक भावातच नाव देणारेही आहेत. क्लाउडफ्लेअर ही अमेरिकन कंपनी २०१८ पासून तसे देते. पण तिच्याकडे नाव ठेवले की पत्ता दाखवणारे नेमसर्व्हरही तिचेच वापरावे लागतात. एखाद्याला ते चालेल, एखाद्याला नाही. स्वस्ताईची किंमत कोठे भरली जाते, हे समजून घेतले म्हणजे झाले.

परदेशी पेढी घ्यावी की देशी, असेही लोक विचारतात. माझे मत असे, की लहान धंद्याला आणि संस्थेला भारतात बिल देणारी, यूपीआय घेणारी पेढी सोयीची. एक कारण हिशेबाचे: जीएसटीचे बिल नीट मिळते, लेखापरीक्षक कुरकुर करत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या आवर्ती रकमांना ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि आगाऊ सूचना लागते. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. पण त्यामुळे परदेशी पेढीकडे 'आपोआप नूतनीकरण' चालू ठेवून निर्धास्त बसलेल्या अनेकांची रक्कम कापलीच गेली नाही. आपोआपवर भिस्त ठेवू नये. घरच्या दिनदर्शिकेवर, गॅसच्या नोंदीशेजारी, ही तारीखही लिहावी. शक्य असेल तर तीन-पाच वर्षांचे एकदम भरावे.

मोठे नाव म्हणजे कायमचे नाव, असेही समजू नये. गूगलसारख्या कंपनीने आपला डोमेनचा धंदा २०२३ साली स्क्वेअरस्पेसला विकला. सुमारे एक कोटी नावे मालकांना न विचारता दुसऱ्या घरी गेली. वर सांगितलेली मुंबईची पब्लिक डोमेन रजिस्ट्रीही तुरखिया बंधूंच्या डायरेक्टी समूहातली; तो धंदा २०१४ साली अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीने घेतला, आणि २०२१ साली ती कंपनी न्यूफोल्ड डिजिटल या नव्या समूहाचा भाग झाली. पेढ्यांची लग्ने आणि वाटण्या चालूच राहणार. म्हणून तर बाहेरचे दार आधी पाहावे, असे मी म्हणतो.

पेढी ठरली. आता प्रत्यक्ष बदल. येथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधी दूर करू. नाव, वेबसाइटची जागा आणि ई-मेल या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. नाव म्हणजे पाटी, जागा म्हणजे गाळा, ई-मेल म्हणजे टपालपेटी. नोंदणीपेढी बदलली म्हणजे फक्त पाटीची नोंद हलते. गाळा होता तेथेच राहतो. पण पाटीवर 'इकडे या' असा बाण रंगवलेला असतो, आणि तो बाण जुनीच पेढी आपल्या नेमसर्व्हरवरून दाखवत असेल, तर नाव हलताच ती बाण पुसून टाकू शकते. मग वेबसाइट दिसत नाही, टपाल पोचत नाही, आणि माणूस म्हणतो नव्या पेढीने घात केला. म्हणून निघण्याआधी जुन्या खात्यातल्या डीएनएस नोंदी, विशेषतः ई-मेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी, जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, नव्या ठिकाणी आधी मांडाव्यात आणि मग हलावे. डीएनएससेक चालू असेल तर ते तेवढ्यापुरते बंद करावे. हे काम जाणकाराकडून करून घ्यायला लाजू नये.

काळ कोणता धरावा? मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी. नाव नवे घेतले असेल किंवा नुकतेच एका पेढीतून दुसरीत आले असेल, तर डॉट कॉमला ६० दिवस हलता येत नाही. मालकाचे नाव बदलले तरी तशीच ६० दिवसांची अडवणूक होऊ शकते. म्हणजे नोंद दुरुस्त करायची आणि पेढीही बदलायची असेल, तर दोहोंमध्ये अंतर पडणार हे धरून चालावे. हा कालावधी ३० दिवसांवर आणण्याच्या शिफारशी झालेल्या आहेत. तेव्हा निघताना त्या दिवशीचा नियम वाचून घ्यावा. कोड नव्या पेढीला दिला आणि तिचे पैसे भरले, की जुन्या पेढीला हरकत घ्यायला पाच दिवस असतात. ती गप्प राहिली तर नाव आपोआप हलते. डॉट कॉमच्या बदलीबरोबर एक वर्षाची मुदत वाढून मिळते आणि आधीची शिल्लक मुदत बुडत नाही. त्यामुळे 'भरलेले पैसे वाया जातील' या भीतीने कोणी खोळंबू नये.

खोळंबल्यास काय होते तेही सांगितले पाहिजे. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत पेढीने मुदतीच्या सुमारे एक महिना आधी, मग एक आठवडा आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत सूचना द्यायची असते. मुदत संपल्यावर पेढी ते नाव जास्तीत जास्त ४५ दिवस धरून ठेवू शकते. धरलेच पाहिजे असे नाही. पुढे नाव काढून टाकले गेले, तरी ३० दिवस दंडाच्या रकमेवर सोडवता येते. त्यानंतर पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते मोकळे. या मोकळ्या नावांवर टपून बसलेली यंत्रे असतात. माणसाच्या बोटांचा तेथे निभाव लागत नाही. आणि एक जाता जाता: मुदतीच्या सुमारास 'तुमचे नाव रद्द होत आहे, ताबडतोब भरा' अशी पत्रे भलत्याच ठिकाणाहून येतात. आपला उतारा काढावा, पेढीचे नाव जुळते का पाहावे, न जुळल्यास पत्र रद्दीत टाकावे.

देवनागरी नावाबद्दल दोन शब्द. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' असे शेपूट देवनागरीत मिळते, आणि मराठी नावे त्यात घेता येतात. कोणी घेणार असेल तर नव्या पेढीला आधीच विचारावे, की ती हे शेपूट देते का, आणि त्यावर ई-मेल चालवण्याची तिची तयारी आहे का; सगळीकडे ती तयारी सारखी नाही. शिवाय आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आहे. यंत्राच्या लेखी 'देवपूर' आणि 'देवपुर' ही दोन वेगळी नावे. मराठी माणूस दीर्घ लिहील, हिंदीच्या सवयीचा ऱ्हस्व लिहील, आणि एक जण दुसऱ्याच दुकानात जाऊन पोचेल. दोन्ही घेणे परवडत असेल तर दोन्ही घ्यावीत.

नाव नव्या पेढीत पोचले, की त्याच दिवशी पुन्हा उतारा काढावा. पेढीचे नाव बदलले का, मुदतीची तारीख वर्षाने पुढे गेली का, कुलूप परत लागले का, हे पाहावे. खात्याला पासवर्डबरोबर दुसरी तपासणी, म्हणजे मोबाइलवर येणारा किंवा अॅपमधला अंक, लावून घ्यावा. संस्था असेल तर पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय घ्यावा: कोणत्या पेढीत नाव आहे, कोणत्या ई-मेलवर सूचना येतात, मुदत कधी संपते, आणि खाते कोणत्या दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात आहे. तेवढे इतिवृत्तात लिहावे, उताऱ्याची छापील प्रत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टाचावी, आणि पदाधिकारी बदलले की खुर्च्या-कपाटांच्या यादीबरोबर याचाही ताबा द्यावा.